पारपटल-रोपणानंतर उताणे का पडावे?



नेत्रदानाविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. रोपणानंतर रुग्णाच्या घरी काय घडावे, याविषयी मात्र क्वचितच बोलले जाते.

१९०५ साली डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी कॉर्नियाचे, म्हणजे पारपटलाचे, यशस्वी रोपण केले, ते पूर्ण जाडीचे. आज अनेक रुग्णांत त्याचा केवळ आतला, अतिसूक्ष्म थर बदलतात. हा थर टाक्यांनी शिवत नाहीत. डोळ्यात सोडलेला हवेचा अथवा वायूचा बुडबुडा त्यास आतून दाबून धरतो. बुडबुडा सदैव वर धावतो. रुग्ण छताकडे तोंड करून उताणा असेल, तरच तो थराच्या मध्यभागी टेकतो. उठून बसल्यास तो कपाळाच्या बाजूस सरकतो व खालच्या कडेचा आधार जातो.

माझ्या रुग्ण असलेल्या एक आजी दुसऱ्याच दिवशी सामायिकासाठी ताठ बसल्या. पाहुण्यांपुढे पडून राहणेही त्यांना अशिष्ट वाटे. तपासणीत कड सुटलेली दिसली. पुन्हा हवा भरावी लागली. दोष त्यांचा नव्हे. मी "विश्रांती घ्या" एवढेच सांगितले होते.

आता मी घरच्यांनाच बजावतो : शल्यविशारद सांगतील तितके दिवस भोजन व शौचापुरतेच उठू द्यावे. डोळ्यात तीव्र वेदना वा उलट्या झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण बुडबुड्यामुळे डोळ्यातील दाब वाढू शकतो. तो विरेपर्यंत विमानप्रवास नको. आणि भेटीस जाणाऱ्यांनी पलंगाशी खुर्ची ओढून बसावे, रुग्णास उठवू नये.