घरच्या संगणकाचा कारभारी कोण?

घरात नवा संगणक आला की पहिलं खातं उघडतो तो घरातला हौशी माणूस. विंडोज त्या पहिल्या खात्याला आपणहून ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे संगणकाचा कारभारी (थोडक्यात ॲडमिन), करून टाकतं. पुढे त्याच खात्यावर आजोबा बँकेचा हिशेब पाहतात, नातू गेम उतरवतो, सूनबाई ऑफिसचं काम करतात. माझा आग्रह असा, की रोजच्या वापराच्या खात्याला ॲडमिनचे अधिकार नकोत. घरातल्या सर्वांत जाणत्या माणसाच्या खात्यालाही नकोत.

तुम्ही उघडलेला प्रत्येक प्रोग्राम तुमच्याच अधिकाराने चालतो. ईमेलमधून आलेली घातक फाइल ॲडमिनचे अधिकार मिळवून चालली, तर ती अँटिव्हायरस बंद करू शकते आणि घरातल्या सगळ्यांच्या फाइली वाचू शकते. प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक माणसाला कामापुरतेच अधिकार असावेत, हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 साली मांडलं. घरगुती संगणकाने ते फार उशिरा ऐकलं. विंडोज 98 मध्ये ॲडमिनचं खातं आणि साधं खातं हा भेद नव्हताच म्हणा ना. 2001 च्या विंडोज एक्सपीत तो होता, पण संगणक सुरू करताना तयार होणारी खाती ॲडमिनच असत. त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही मनाला येईल तिथे फाइली ठेवायची सवय लागली. असे प्रोग्राम साध्या खात्यावर अडत, म्हणून साधं खातं कुणी वापरत नसे.

2007 मध्ये विंडोज व्हिस्टा आलं आणि ॲडमिनचे अधिकार लागतील तेव्हा पडदा काळवंडून परवानगी विचारू लागलं. लोक वैतागले, अनेकांनी ती सोय बंदच केली. माझ्या मते ती कटकट आवश्यक होती. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना शिस्त लागली ती तिच्यामुळेच. पडदा काळवंडतो त्यालाही कारण आहे. त्या क्षणी बाकीचे प्रोग्राम बाजूला ठेवलेले असतात, म्हणजे तुमच्या वतीने ‘होय’ दुसऱ्या कुणाला दाबता येऊ नये.

ॲडमिनच्या खात्यावर विंडोज फक्त होय की नाही एवढंच विचारतं. साध्या खात्यावर मात्र ॲडमिनचा पासवर्ड मागतं. ‘होय’ सवयीने दाबलं जातं. पासवर्ड टाकताना माणूस थबकतो, प्रोग्रामचं नाव वाचतो, तो कुणी बनवलाय ते पाहतो. बनवणारा अज्ञात आहे असं तिथे दिसलं, तर तिथेच थांबा.

रोजचं खातं साधं करताना क्रम सांभाळा. आधी सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये जाऊन नवं खातं उघडा, त्याला ॲडमिन करा, पासवर्ड द्या. एकदा त्या खात्यात शिरून ते चालतंय याची खात्री करा. मगच तिथून आपलं जुनं खातं ‘स्टँडर्ड’, म्हणजे साधं, करा. तुमचे फोटो, कागदपत्रं जागच्या जागी राहतात. पुढे काही इन्स्टॉल करायचं तर खातं बदलावं लागत नाही. विचारेल तेव्हा तो पासवर्ड टाकायचा.

एवढ्याने सगळं थांबतं असं मात्र समजू नका. क्रोमसारखे काही प्रोग्राम वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसू शकतात, त्यांना ॲडमिन लागत नाही. खंडणीखोर व्हायरसला तुमचे फोटो कुलूपबंद करायला तुमचेच साधे अधिकार पुरतात. म्हणून फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. आणि फोनवरचा अनोळखी माणूस सांगतो म्हणून तुम्हीच पासवर्ड टाकलात, तर विंडोजच्या दृष्टीने ती तुमचीच परवानगी.

ॲडमिनचा पासवर्ड घरातल्या किमान दोन मोठ्या माणसांना माहीत असू द्या. एकाच्याच डोक्यात राहिला आणि तो गावाला गेला, की कधीकधी प्रिंटरसुद्धा जोडता येत नाही. मग वैतागून एके दिवशी सगळ्यांचीच खाती पुन्हा ॲडमिन केली जातात.