हुबळीच्या रेल्वे कचेरीतील विधी सहायक

(गावपातळीवरील शासकीय कर्मचारी, पोलीस पाटील आणि शिक्षक यांच्या विधी साक्षरता वर्गात दिलेले व्याख्यान)



शासकीय कार्यालयातील विधी सहायक या विषयावर आपल्यापुढे बोलावे, अशी सूचना आली तेव्हा मी जरा संकोचलो. मी कायद्याचा पदवीधर नाही. कला शाखेची पदवी घेऊन प्रसिद्धीच्या कामात शिरलो आणि तेथेच स्थिरावलो. शासनाने काय केले हे लोकांना सांगणे, हा माझा व्यवसाय. विधी सहायकालाही तेच सांगावयाचे असते. परंतु त्याला ते न्यायासनापुढे सांगावे लागते आणि प्रत्येक वाक्याला कागदाचा आधार द्यावा लागतो. आम्हा प्रसिद्धीवाल्यांना विशेषणांची जी मोकळीक असते, ती त्याला नाही.

उदाहरणासाठी मी हुबळी निवडली आहे. कर्नाटकातील शहराचे उदाहरण आपल्यापुढे कशासाठी, असे कोणाला वाटेल. मिरजेहून दक्षिणेकडे निघालेली गाडी शेडबाळ, कुडची, घटप्रभा, बेळगाव, खानापूर, लोंढा, अळणावर करीत धारवाड-हुबळीस पोहोचते. सोलापूरजवळच्या होटगीहून विजापूर, बागलकोट, गदग असा दुसरा मार्गही हुबळीसच जातो. या दोन्ही मार्गांवर आपल्या गावची माणसे रोज प्रवास करतात. त्यांच्या बाबतीत काही बरेवाईट घडले, तर रेल्वेच्या वतीने द्यावयाच्या उत्तराची जुळवाजुळव पुष्कळदा हुबळीच्या कचेरीत होते.

शिवाय हा संबंध जुना आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या 'सदर्न मराठा रेल्वे' या कंपनीचे मुख्य कार्यालय धारवाडला होते, आणि हुबळीचा रेल्वे कारखाना १८८५ सालचा आहे. पुढे १९०८ मध्ये ती कंपनी आणि मद्रास रेल्वे यांचे एकत्रीकरण झाले. १ एप्रिल २००३ रोजी दक्षिण पश्चिम रेल्वे हे नवे क्षेत्र अस्तित्वात आले, तेव्हा त्याचे मुख्यालय हुबळीस ठेवण्यात आले. हुबळी, बंगळूर आणि म्हैसूर हे त्याचे तीन विभाग. मार्च २०२३ मध्ये हुबळी स्थानकावरील १५०७ मीटर लांबीच्या फलाटाचे लोकार्पण झाले. तो जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून लोक मुद्दाम पाहावयास जातात. मुख्यालयातील विधी शाखा पाहावयास मात्र कोणी जात नाही. तेथे पाहण्यासारखे असते ते नस्त्यांचे ढीग आणि त्यांत मान घालून बसलेली माणसे.

रेल्वेत 'लॉ असिस्टंट' आणि 'चीफ लॉ असिस्टंट' अशी पदे आहेत. त्यांना आपण विधी सहायक आणि मुख्य विधी सहायक म्हणू. मुख्य विधी सहायकाच्या थेट भरतीसाठी विधी शाखेची पदवी आणि वकिलीचा ३ वर्षांचा अनुभव लागतो. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी नेमलेले वकील असतात. वकिलाच्या हाती जे कागद पडतात, ते कोणते असावेत आणि त्यांत काय लिहिलेले असावे, हे पाहणे त्याच्याकडे असते.

दावा दाखल झाला की वादपत्राची प्रत कचेरीत येते. विधी सहायक ती संबंधित शाखांकडे धाडतो आणि 'परिच्छेदवार अभिप्राय' मागवतो. वादपत्राच्या पहिल्या परिच्छेदात जे म्हटले आहे ते खरे की खोटे, दुसऱ्यातले काय, तिसऱ्यातले काय, असे प्रत्येक परिच्छेदाचे उत्तर त्या त्या शाखेने कागदपत्रांसह द्यावयाचे असते. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार लेखी जबाबाची मुदत ३० दिवसांची. न्यायालयाने वाढवून दिली तर एकूण ९० दिवस. त्याच संहितेत आणखी एक तत्त्व आहे. केवळ 'मजकूर नाकबूल' असे मोघम लिहून भागत नाही. जे विधान स्पष्टपणे नाकारलेले नसेल, ते कबूल केले असे न्यायालय धरू शकते. एखाद्या शाखेकडून 'सर्व परिच्छेद नाकबूल' असा एका ओळीचा अभिप्राय आला, तर चांगला विधी सहायक तो परत पाठवतो. त्यामुळे तो सहकाऱ्यांत फारसा लोकप्रिय नसतो, हे वेगळे सांगावयास नको.

जमिनीची हद्द, ठेकेदाराचे देणे अशा बाबींत शासनाविरुद्ध दिवाणी दावा करण्यापूर्वी संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यावी लागते आणि २ महिने थांबावे लागते. रेल्वेसंबंधी दावा असेल तर ती नोटीस त्या रेल्वेच्या महाप्रबंधकांना द्यावयाची असते. या २ महिन्यांचा हेतू असा की, शासनाने आपली बाजू तपासावी आणि मागणी रास्त असेल तर दाव्यावाचून प्रकरण मिटवावे. प्रत्यक्षात अशा नोटिशींना बहुधा उत्तरच जात नाही, आणि गेले तर ते टाळाटाळीचे असते, अशी खंत सर्वोच्च न्यायालयाने सालेम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात २००५ मध्ये व्यक्त केली होती. आणि उत्तरासाठी जबाबदार अधिकारी नेमण्याचा आदेश केंद्र व राज्य शासनांना दिला होता. नोटिशीचा कागद ज्याच्या टेबलावर येतो, त्याने तो आवक नोंदवहीत चढवून खाली ठेवावा की त्याच आठवड्यात संबंधित शाखेकडे पाठवावा, एवढ्यावर पुढची कितीतरी वर्षे अवलंबून असतात.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. ती रेल्वे अपघाताच्या नुकसानभरपाईची आहे.

रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम १२४-अ असे सांगते की, चालत्या गाडीतून प्रवासी अपघाताने पडून मरण पावला किंवा जखमी झाला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, तिने भरपाई दिली पाहिजे. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेडाच्या भरात केलेली कृती आणि नैसर्गिक आजार हे त्याला अपवाद आहेत. मृत्यूबद्दलची रक्कम पूर्वी ४ लाख रुपये होती. १ जानेवारी २०१७ पासून ती ८ लाख रुपये करण्यात आली. ही प्रकरणे नेहमीच्या दिवाणी न्यायालयात चालत नाहीत. त्यांच्यासाठी १९८७ च्या अधिनियमान्वये रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे.

परंतु रुळांवर मृत्यू पावलेला प्रत्येक माणूस गाडीतून पडलेला नसतो. कोणी रूळ ओलांडताना गाडीच्या धडकेने जातो; त्याच्या वारसांना या कलमाखाली भरपाई मिळत नाही. मृतदेह दोन्ही प्रसंगी लोहमार्गापाशीच सापडतो. पाहणारा साक्षीदार बहुधा कोणीच नसतो. मग खरे काय घडले, हे कशावरून ठरवावयाचे? स्टेशन मास्तरांचा निरोप, चालकाचे आणि गार्डचे निवेदन, रेल्वे सुरक्षा दलाची चौकशी, शवविच्छेदनाचा अहवाल आणि पोलिसांचा मरणोत्तर पंचनामा यांवरून. पंचनाम्याला शेजारपाजारचे दोन प्रतिष्ठित रहिवासी लागतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होई. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. हे दोन रहिवासी म्हणजे कोण? आपणच. गावात पंच हवा असला की शाळेत निरोप येतो, हे येथे बसलेल्या गुरुजींना ठाऊक आहे.

आपल्या बोलण्यात एक शब्दप्रयोग रुळलेला आहे. रेल्वेने माणूस गेला की आपण म्हणतो, 'गाडीखाली सापडला.' तो दारातून पडला असो, चढताना पाय निसटला असो, की रूळ ओलांडत असो, बोली भाषेत सगळे 'गाडीखाली'च. हाच शब्द पंचनाम्यात उतरतो. पुढे कोणीतरी त्याचे इंग्रजीत भाषांतर करतो आणि त्याचा अर्थ होतो, धावत्या गाडीने चिरडला. त्या क्षणी तो मनुष्य कागदावर प्रवासी राहत नाही, रूळ ओलांडणारा होतो.

असे समजा की, मिरजेहून बेळगावला निघालेला एक मजूर दारापाशी उभा होता आणि वळणावर तोल जाऊन पडला. तिकीट खिशातून कोठेतरी उडाले. पंचनाम्यात 'गाडीखाली सापडून मयत' अशी नोंद आहे. वर्षाच्या आत त्याच्या पत्नीने न्यायाधिकरणाकडे अर्ज केला आहे. हुबळीच्या कचेरीत विधी सहायकापुढे नस्ती येते. तिकीट नाही आणि पंचनाम्यात तो शब्द आहे. 'मृत इसम प्रवासी नव्हता' एवढे लिहून मसुदा अर्ध्या तासात पुरा होतो, आणि वरिष्ठांपैकी कोणी त्यावर हरकत घेण्याचा संभव कमी.

दुसरा मार्ग लांबचा आहे. मूळ पंचनामा मागवावयाचा, भाषांतरावर विसंबावयाचे नाही. खानापूरकडचा असेल तर तो बहुधा कन्नडमध्ये, मिरजेकडचा असेल तर मराठीत. देह रुळांच्या मध्ये होता की बाजूच्या खडीवर, जखमा कोठे होत्या, जवळ पिशवी किंवा डबा होता काय, हे वाचावयाचे. शवविच्छेदनाच्या अहवालाशी ते ताडून पाहावयाचे. त्या वेळी तेथून कोणती गाडी गेली आणि तिच्या चालकाने कोणाला धडक बसल्याचे कळविले होते काय, हे नोंदवहीत शोधावयाचे. चालकाने काहीच कळविले नसेल आणि देह बाजूला पडलेला असेल, तर तो मनुष्य गाडीतून पडला असण्याचा संभव मोठा.

तिकिटाविषयी सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०१८ रोजी रीना देवी यांच्या प्रकरणात निर्णय दिला आहे. देह लोहमार्गावर सापडला एवढ्यावरून तो अधिकृत प्रवासी ठरत नाही. पण तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असेही ठरत नाही. वारसाने खरी हकिकत शपथपत्रावर सांगितली की आपल्या बाजूचा प्राथमिक भार त्याने उतरविला, आणि मग उलट सिद्ध करण्याचा भार रेल्वेवर येतो. तत्पूर्वी २००८ मध्ये प्रभाकरन विजयकुमार यांच्या प्रकरणात गाडीत चढताना झालेले पतनही या कलमात येते, असे ठरले होते. २०१० च्या जमीला प्रकरणात दारात उभे राहण्याचा निष्काळजीपणा म्हणजे गुन्हेगारी कृत्य नव्हे, असे सांगण्यात आले. हे तिन्ही निर्णय विधी सहायकाने आपल्या टिपणीत नोंदवावयाचे असतात. ते अर्जदाराच्या बाजूचे असले तरी, किंबहुना म्हणूनच.

मग तो आपल्या वरिष्ठांना लिहितो की, या कागदपत्रांवरून अर्जदाराचे म्हणणे खोडून काढता येईल असे दिसत नाही. हे वाक्य लिहावयास धैर्य लागते. पगार रेल्वेचा घ्यावयाचा आणि रेल्वेची बाजू लंगडी आहे असे तिलाच सांगावयाचे! माझ्या परिचयाचे एक विधी सहायक आहेत. कोणत्या कचेरीत, ते सांगत नाही. त्यांनी असे लिहिले म्हणून 'तुम्ही नेमके कोणाचे?' असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला होता. ते मुकाट्याने उठले आणि मूळ पंचनामा समोर ठेवला. माझ्या मते त्यांनी आपल्या कचेरीची सेवाच केली. न टिकणारा बचाव केला, तर भरपाई चुकत नाही. तिच्यावर व्याज चढते, वकिलाची फी जाते, आणि ती बाई तोवर तारखांना हेलपाटे घालीत राहते. उलट, चालकाने धडकेची नोंद त्याच वेळी केलेली असेल आणि जखमा तिच्याशी जुळत असतील, तर तोच विधी सहायक दावा ठामपणे नाकारण्याची टिपणी लिहितो. तो पैसाही जनतेचाच आहे.

न्यायाधिकरणाच्या निर्णयावर उच्च न्यायालयात अपील होते. कर्नाटक उच्च न्यायालयाचे धारवाडचे फिरते खंडपीठ जुलै २००८ मध्ये सुरू झाले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. तत्पूर्वी बेळगाव-धारवाडकडच्या पक्षकाराला उच्च न्यायालयासाठी बंगळूर गाठावे लागे. शासकीय कचेऱ्यांना अपिलाची मुदत चुकविण्याची खोड जुनी आहे. नस्ती या टेबलावरून त्या टेबलावर गेली, म्हणून ४२७ दिवसांचा उशीर झाला, असे सांगणाऱ्या टपाल खात्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो उशीर माफ केला नाही. मुदतीच्या तारखांची वही लिहिणे हे विधी सहायकाचे सर्वांत कंटाळवाणे काम; पण तेथे झालेली चूक कोणत्याही वकिलाला सुधारता येत नाही.

आता आपल्याशी संबंधित काही बाबी. अपघाती मृत्यूच्या भरपाईचा अर्ज एका वर्षाच्या आत करावा. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. अपघात कर्नाटकात झाला म्हणून सांगली-मिरजेच्या कुटुंबाने बंगळूरच्या पीठाकडेच गेले पाहिजे असे नाही. अर्जदार जेथे राहतो तेथील पीठाकडेही अर्ज चालतो, आणि महाराष्ट्रात मुंबई व नागपूर येथे पीठे आहेत. वकील देण्याची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा.

आणि पंच म्हणून सही करण्यापूर्वी पंचनामा वाचून घ्यावा. जे आपण पाहिले नाही, ते त्यात लिहिलेले असेल तर तसे सांगावे. 'गाडीखाली सापडून' हे शब्द दिसले, तर ते कोणी पाहिले, असे विचारावे. कोणी पाहिले नसेल तर 'लोहमार्गालगत मृतावस्थेत आढळला' एवढेच लिहावयास लावावे.

माझे सांगून झाले. पंचनाम्याचा एक कोरा नमुना आता आपल्याला वाटण्यात येईल. तो आपण सर्वांनी मिळून भरून पाहू. देह रुळांच्या मध्ये आहे की बाजूला, येथून सुरुवात करू.