निर्वासित तरुणांचे सोबती

(सुवर्णमहोत्सवाच्या सायंसभेंत झालेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं गेल्या पन्नास वर्षांबद्दल परमेश्वराचे आभार मानणें हें आपलें पहिलें कर्तव्य होय. परंतु त्याबरोबर एका उणिवेची कबुली देणेंही आम्हांस अगत्याचें वाटतें. घरदार गमावून कांहीं कुटुंबें आपल्या धर्मग्रामांत आलीं. आम्हीं त्यांना धान्य दिलें, पांघरुणें दिलीं. पण त्यांच्या तरुण मुलांना कधीं आपल्या पंक्तीस बसविलें काय? मिस्सेच्या वेळीं तीं मुलें मागील बांकावर बसत आणि शेवटचा आशीर्वाद होतांच मुकाट्यानें निघून जात. भुकेवर उपाय आम्हांस ठाऊक होता; एकटेपणावर उपाय आम्ही शिकलोंच नव्हतों.

हा उपाय शिकवितां येतो काय? येतो, आणि त्याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रांत आहे. १९४० पासून सोव्हिएट सत्तेनें पूर्व पोलंडमधील लाखों माणसांना सैबेरिया व कझाकस्तान येथें हद्दपार केलें. १९४१ च्या करारानें सुटका झाल्यावर त्यांतील कांहीं इराणमार्गें हिंदुस्थानांत आलीं, आणि १९४३ सालीं कोल्हापूरजवळ वळिवडें येथें त्यांची छावणी वसली. वस्ती सुमारें ५,०००. तींत बहुतेक स्त्रिया व मुलें. कित्येकांचे वडील सैन्यांत होते, कित्येकांचे मरण पावले होते.

तेथें निवारा मिळाला, शाळा निघाल्या, उपासनाही होऊं लागली. पण पोरक्या मुलाचा हात कोणीं धरावा? तें काम बालवीर व वीरबालांच्या पथकांनीं केलें. लहान लहान संघ आणि प्रत्येकाचा नायक थोडासाच मोठा, तोही निर्वासितच! अशा नायकांना तयार करण्यासाठीं झ्द्जिस्वाव पेश्कोव्स्की हे पोलिश अधिकारी वळिवड्यास आले. १९४० च्या कॅटिन हत्याकांडांत त्यांचे असंख्य सोबती मारले गेले होते. ते स्वतः वांचले होते. पुढें १९५४ सालीं त्यांनीं धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. दुःख भोगलेला मनुष्य दुःखितांचा उत्तम मार्गदर्शक होऊं शकतो. परंतु केवळ दुःख पुरत नाहीं, त्यास तालीम लागते.

१९४८ च्या सुमारास छावणी मोडली आणि तेथील तरुण देशोदेशीं पांगले. त्याच वसाहतींत फाळणीनें उखडलेलीं सिंधी कुटुंबें आलीं; आज तेथें गांधीनगर उभें आहे. एका निर्वासिताचें छप्पर दुसऱ्याच्या कामीं आलें!

मग आपल्या तरुणांना काय शिकवावें? प्रथम ऐकावयास. पळून आलेल्या मुलास त्याच्या जखमेची हकीकत खोदून विचारूं नये. तो सांगेल तेव्हां मध्यें बोलूं नये. दुसरें, जें आपल्या हातीं नाहीं त्याचें वचन देऊं नये. त्याला एकदां फसविणाऱ्यांची उणीव पडलेली नसते. तिसरें, मारहाण, छळ किंवा जीव देण्याची भाषा कानीं आली, तर तें गुपित पोटांत न ठेवतां जबाबदार वडीलधाऱ्यांस तत्काळ सांगावें. आणि चौथें, सर्वांत कठीण: कामाचा वाटा त्यालाच द्यावा. जो नेहमीं घेतच राहतो त्याची मान खालीं राहते. ज्याच्यावर कोणी विसंबतो त्याची मान वर होते.

२०२४ च्या अखेरीस जगांत १२ कोटींहून अधिक माणसें बळानें घराबाहेर पडलेलीं होतीं. त्यांतील सुमारें ४० टक्के अठरा वर्षांखालील मुलें होतीं. एवढा भार एका धर्मग्रामास पेलणार नाहीं. पण आपल्या मागील बांकावरचीं मुलें बोटांवर मोजण्याइतकींच आहेत.

म्हणून आमची विनंति अशी कीं, महोत्सवाच्या निधींतील एक हिस्सा रोषणाईंतून वांचवून या तालमीस द्यावा. बारा तरुण-तरुणी निवडाव्या. त्यांपैकीं सहा याच कुटुंबांतील असाव्या. वर्षभर दर रविवारीं त्यांनीं एकत्र शिकावें आणि मग प्रत्येकानें एक लहान संघ सांभाळावा.

प्रभु येशूलाही बालपणीं आईबापांसह मिसर देशीं पळावें लागलें. तेथें त्याच्याशीं खेळावयास कोणी आलें असेल काय? पुढील महोत्सवीं असाच प्रश्न आपल्याविषयीं कोणी विचारला, तर उत्तर देण्यास मागील बांकावरचीं तींच मुलें या व्यासपीठावर उभीं असावीं, एवढीच आमची प्रार्थना.