वासराचा गुडघा सुजला? आधी बेंबी पाहा



८-१५ दिवसांचं वासरू लंगडायला लागलं, की आपण म्हणतो, गाईनं तुडवलं असेल. पण सांधा सुजून हाताला गरम लागत असेल, वासरू दूध सोडत असेल, तर बेंबी चाचपून पाहा. ती ओली, सुजलेली असेल तर रोगजंतू तिथूनच रक्तावाटे सांध्यात उतरले असण्याचा संभव फार. सांध्यावर डाग देऊ नका, चोळू नका. त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. उशिरानं सांधा कायमचा आखडतो, वासरू दगावतेही.

खरा उपाय जन्मावेळचा. कोरडं गवत अंथरा, तुटलेली नाळ टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा आणि पहिल्या दोन तासांत चीक पाजा. वार पडायची वाट पाहू नका.