शंका आहे म्हणून प्रार्थना थांबवायची का?

आजचा भाग छोटा आहे. तरुण संघातली मुलं मला एक प्रश्न वारंवार विचारतात: "देव ऐकतो की नाही हेच कळत नाही. मग रोज प्रार्थनेला बसणं म्हणजे नाटकच नाही का?"

हा प्रश्न माझाही आहे. माझा मावसभाऊ चौतीस वर्षांचा होता, आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्याच्या आजारपणात नऊ महिने घरी आणि मंडळीत उपास-प्रार्थना चालू होत्या. दादा गेला. त्यानंतर कोणी "देवाची योजना असेल" म्हटलं की मी गप्प बसायचो. प्रार्थनेला डोळे मिटले की समोर कोणीच नाही असं वाटायचं. आजही एखाद्या दिवशी तसं वाटतं. म्हणजे माझ्याकडे सगळी उत्तरं आहेत म्हणून मी बोलत नाहीये. पण 'नाटक' हा शब्द मला पटत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढा. बाकीचे शिष्य सांगतात, आम्ही प्रभूला पाहिलं. थोमा म्हणतो, जखमा स्वतः पाहिल्याशिवाय मी मानणार नाही. आपण इथेच थांबतो आणि त्याला 'संशयी थोमा' असं नाव देऊन टाकतो. पण पुढे वाचा. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमले आणि या वेळी थोमा त्यांच्याबरोबर होता. विचार करा, बाकी सगळ्यांनी पाहिलंय, याला एकट्याला पटलेलं नाही, तरी हा त्यांच्यात बसलाय. त्यांनीही त्याला बाहेर काढलेलं नाही. येशू त्याला भेटला तो तिथेच.

माझ्या मते शिस्त म्हणजे हेच. पटलं नसतानाही आपली जागा न सोडणं.

आता आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण, पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग 1882 मध्ये पती. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर प्रश्न संपले का? अजिबात नाही. त्रैक्याबद्दल, येशूच्या देवत्वाबद्दल त्या तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून वाद घालत होत्या. कोणी सांगितलं म्हणून मान्य करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पुढे त्यांनी स्वतः लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायला आणखी कित्येक वर्षं लागली. त्या मधल्या वर्षांत त्या वाचत राहिल्या, लिहीत राहिल्या, आणि 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्या हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी ते काम थांबलं नाही. 1922 मध्ये रमाबाई गेल्या.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. चालू सिस्टीममध्ये बग आला की आम्ही सगळं बंद करून घरी जात नाही. सिस्टीम चालू ठेवून लॉग वाचत बसतो. बंद सिस्टीमचे लॉग कुठून येणार? प्रार्थनाच थांबवली तर शंका घेऊन जायचं कुणाकडे?

मग रोज करायचं काय? मी करतो ते सांगतो.

एक, वेळ कमी पण ठरलेली. सकाळी दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, हातात छापील बायबल. ॲपमधली स्ट्रीक तुटली म्हणजे विश्वास तुटला असं नाही. उद्या परत बसा.

दोन, शब्द सुचत नसतील तर स्तोत्रं मोठ्याने वाचा. 13वं वाचा, 88वं वाचा. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ते देवालाच उद्देशून आहे. देवाकडे तक्रार करणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

तीन, एका माणसाला खरं सांगा. मी आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, "रविवारी ये. तुला गाता येत नसेल तर आम्ही गाऊ, तू नुसता बस."

मी बसतो. कधी गातो, कधी नाही. दादा का गेला, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. पण विचारायची जागा मी सोडलेली नाही, आणि तुम्हीही सोडू नका.

हा भाग अशाच कोणा मित्राला पाठवा. उपदेशाचा मेसेज न जोडता, नुसता पाठवा. पुढच्या भागात भेटू. प्रभू तुमच्याबरोबर असो.