आतड्यातून फुप्फुसाकडे



फ्लूचा विषाणू नाका-घशातून शिरतो आणि फुप्फुसात ठाण मांडतो. आतड्यातल्या जिवाणूंचा त्याच्याशी काय संबंध? तो संबंध आहे, आणि आपल्या घरोघरच्या एका सवयीशी तो थेट येऊन भिडतो. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. दुसरीकडे, पेशीत विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन नावाचे प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी १९५७ साली लंडनमध्ये ते शोधले. हा इशारा किती लवकर आणि किती जोरकस जावा, यात आतड्यातल्या जिवाणूंचाही वाटा असतो, हे मात्र अलीकडे कळले.

२०११ मध्ये येल विद्यापीठात अकिको इवासाकी यांच्या गटाने उंदरांना अँटिबायोटिक्स देऊन त्यांचे जिवाणू घटवले आणि मग फ्लूची लागण केली. औषध गेले होते पोटात, प्रतिकार ढिला पडला फुप्फुसात!

आतड्याचा निरोप फुप्फुसापर्यंत पोचवतो कोण? २०१७ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्याचे एक उत्तर मिळाले. चहा, फळे, भाज्या यांत फ्लेव्होनॉइड द्रव्ये असतात. क्लॉस्ट्रिडियम कुळातला एक जिवाणू ती मोडतो आणि त्यातून डेसअमिनोटायरोसिन तयार होते. हे द्रव्य इंटरफेरॉनची यंत्रणा जागी ठेवते. लागणीआधी ते मिळालेल्या उंदरांच्या फुप्फुसांची हानी कमी झाली. लागणीनंतर दिले तेव्हा आजार उलट बळावला. म्हणजे जिवाणूंची मदत हवी ती आधीपासून, रोजच्या रोज.

माणसांचे काय? २०१९ मध्ये बाली पुलेंद्रन यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना अँटिबायोटिक्स देऊन फ्लूची लस टोचली. ज्यांच्या रक्तात आधीची प्रतिपिंडे कमी होती, त्यांच्यात एच१एन१विरुद्धचा प्रतिसाद क्षीण झाला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलिओचा विषाणू आतड्यातल्या जिवाणूंचाच आधार घेतो, हे २०११ मध्येच उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले. त्यामुळे प्रोबायोटिकची पुडी घेतली की कुठलाही विषाणू पळेल, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

पण एवढे ठामपणे सांगतो. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. साध्या सर्दी-तापाला मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेतल्या, तर विषाणू तसाच राहतो आणि मदतीला असलेले जिवाणू मात्र मरतात. टायफॉइडसारख्या जिवाणूजन्य आजारात हीच औषधे जीव वाचवतात. तिथे ती डॉक्टर सांगतील तशी पूर्ण घ्यावीत. एरवी चिठ्ठीवर अँटिबायोटिक दिसले, तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, हा ताप जिवाणूंचा आहे, असं कशावरून वाटतं?" हे विचारण्याचा प्रत्येक रुग्णाला हक्क आहे, आणि चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.