कॉलेजच्या वाटेवरची मुलगी

(वसई येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



वसई म्हटले की लोकांना किल्ला आठवतो, सुकेळी आठवतात आणि विरार लोकलची गर्दी आठवते. हे कॉलेजचेही गाव आहे, हे मात्र सहसा कुणी म्हणत नाही. १९७१ साली वर्तक कॉलेज सुरू झाले. पुढे वसईत गोन्सालो गार्सिया आणि विरारला विवा कॉलेज आले. आज सकाळी स्टेशनबाहेर उभ्या राहा. आगाशी-अर्नाळ्याच्या, नालासोपाऱ्याच्या चाळींतल्या, मांडवीकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुली घाईने जाताना दिसतील. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली आणि सफाळे-पालघरच्या मुलींनाही ही वाट सोपी झाली.

मुली शिकू लागल्या, याचा आपल्याला आनंद आहे. पण त्यांचा दिवस कोणाच्या हातात आहे?

नळाला पाणी येण्याची वेळ आणि पहिल्या तासाची वेळ एक आली, तर तास बुडतो तो मुलीचा, भावाचा नव्हे. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत ती घरात हवी. म्हणजे ग्रंथालय नाही, नाटकाची तालीम नाही, शिबिर तर नाहीच. फी भरली, पण कॉलेज अर्धेच मिळाले.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. रेल्वेच्या पुलावर, बसमध्ये, कधी कॉलेजच्या आवारातही मुलीला त्रास होतो. ती घरी सांगत नाही. आपण म्हणतो, मुली भित्र्या आहेत. मला तसे वाटत नाही. तिचा हिशेब पक्का असतो. घरी कळले की उपाय ठरलेला: कॉलेज बंद, स्थळे पाहायला सुरुवात. छेड काढणारा मोकळा राहतो आणि शिक्षा होते ती तक्रार करणारीला. मग ती गप्प राहून आपले शिक्षण वाचवते.

कायदा आहे. १९९७ चा विशाखा निकाल, २०१३ चा कायदा, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम. या नियमांनुसार कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया चालणार नाहीत, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती हवी. प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधीही हवेत. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते आणि नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. रेल्वेतल्या त्रासासाठी १३९ हा क्रमांक आहे.

पण समितीची पाटी लावून मुलीची भीती जात नाही. तिची खरी भीती घरची आहे. म्हणून आपले काम दोन्हीकडे आहे.

कॉलेजात जाऊन विचारू या: समितीत कोण आहे, मुलींना त्यांची नावे ठाऊक आहेत का, बाहेरची सदस्य खरोखर बैठकांना येते का? आणि वस्तीत, बचत गटात, चर्चच्या महिला मंडळात आयांशी बोलू या. मुलगी काही सांगू लागली तर पहिले वाक्य कोणते असावे, यावर बोलू या. “तू कशाला गेलीस तिकडे?” हे वाक्य नको. “तुझे कॉलेज बंद होणार नाही, आता सांग,” हे वाक्य हवे.

एवढी खात्री मिळाली तर मुली बोलतील. ती खात्री द्यायला ना अनुदान लागते, ना परवानगी. ती आपणच द्यायची आहे.